जवसाचा वास

प्रेमचं पुण्यात दुकान होतं. त्याला गावरान माल हवा होता, म्हणून एका रविवारी बुलढाण्याच्या कॉलेजातले तिघं जुने मित्र बुलढाण्याहून गाडी काढून निघाले. प्रेम गाडी चालवत होता, शेजारी कुलदीप होता, आणि मागे रिकाम्या डब्यांच्या गर्दीत अंग चोरून गजेंद्र बसला होता.

घाट उतरेपर्यंत गजेंद्र हसतखेळत होता. खामगावात तेलमिलच्या मालकानं कुलदीपला पाहिलं, तसा तो गल्ल्यावरून उठला आणि चहा सांगितला. पुढच्या गावात अन्नपूर्णाबाई ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालत होत्या. त्यांनी कुलदीपच्या लेकराबाळांची नावं घेऊन चौकशी केली आणि मग गजेंद्रकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोन, तुमच्या संगचे?"

गजेंद्रच्या काळजात काटा रुतला तो तिथे. संगचे! लाकडी घाण्याचा नाद कुलदीपला लावला कोणी? बुलढाण्यात भाड्याच्या टिनाखाली पहिला घाणा टाकला होता तो गजेंद्रनं. जवस मुठीत चोळून हुंगायचं कसं, ओल कशी ओळखायची, हे कुलदीप त्याच्याकडूनच शिकला. पण गजेंद्रला धीर नव्हता. गिऱ्हाईक जमेना तसा त्यानं घाणा विकून टाकला आणि खताच्या दुकानात नोकरी धरली. तो घाणा कुलदीपनंच घेतला आणि जानेफळला आपल्या गावी नेला. आता त्याचं तेल अकोल्यापर्यंत जात होतं.

गाडी जानेफळला पोचली तेव्हा घाणा चालूच होता. घाण्याच्या उखळात बाभळीची लाट, म्हणजे लाकडी मुसळ, गरगर फिरत होती, पेंडीचा खमंग वास सुटला होता. प्रेमनं बोट बुडवून तेल चाखलं आणि डोळेच मिटले. म्हणाला, असं तेल आजीच्या हातचं खाल्लं होतं, महिन्याला लागेल तेवढं मीच उचलतो. कुलदीप लाजून हसला. ते हसू गजेंद्रला पाहवेना.

त्यानं पोत्यातलं जवस मुठीत घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. बी कोरडं होतं, चोख होतं. तरी तो बोलून गेला, "कुबट वास येऊन राह्यला बे. ओल लागली याले."

प्रेमचा चेहरा पडला. कुलदीप काहीतरी कारण सांगेल, भांडेल, अशी गजेंद्रची अटकळ होती. मग आपण चार शब्द सुनावायचे, हेही त्याच्या मनात तयार होतं. पण कुलदीपनं मूठभर जवस हुंगून पाहिलं, गजेंद्रकडे एकदा बघितलं आणि बटण दाबून घाणा बंद केला.

"मले तं काही वास येत नाही," तो प्रेमला म्हणाला, "पन याच्या नाकाले जे कळते ते मले नाही कळत. हे तेल तुले नाही देत मी."

आणि त्यानं सकाळपासून निघालेल्या तेलाचा डबा उचलला आणि मोरीकडे चालू लागला. बायको दारातून बघत होती, तिला त्यानं हातानंच थोपवलं.

गजेंद्र जागच्या जागी उभा होता. डबा तिरपा झाला तेव्हा त्याच्या तोंडून निघालं, "थांब. चांगलं हाय ते."

कुलदीप वळला.

"मंग काऊन म्हनलं तसं?"

"तुह्यं चांगलं चाल्लं म्हनून," गजेंद्र खाली मान घालून म्हणाला.

कुलदीपनं डबा जागेवर नेऊन ठेवला, झाकण लावलं आणि घाणा पुन्हा सुरू केला. त्यानं प्रेमशी व्यवहाराचं बोलून घेतलं, जेवायला वाढलं, गजेंद्रच्या ताटातही भाकरीवर तेलाची धार धरली. पण निघताना निरोप दिला तो फक्त प्रेमला. परतीच्या वाटेवर प्रेमनं रेडिओ लावला आणि गजेंद्रला काही विचारलं नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं.

दिवाळी झाल्यावर कुलदीपचा फोन आला. नवीन जवस घ्यायचंय, म्हणाला, येतो का वास घ्यायले? "हाव, येतो," गजेंद्र म्हणाला.

तो एसटीनं जानेफळला गेला. घाण्याशेजारी आणखी एक टिनाचं शेड उभं राहिलं होतं, आणि ते त्याला पुन्हा खुपलंच. तरी तो पोत्यापाशी बसला. दोन पोती त्यानं नापास केली, आणि ती खरोखरच ओली होती.