बेडूक सरदारची रीतसर निवड

प्रभाकररावांनी आयुष्यात एकही वस्तू तीन कोटेशन मागवल्याशिवाय घेतली नव्हती. सौंसरच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी भांडार सांभाळलं आणि खडूपासून कपाटापर्यंत सगळं नियमानं खरेदी केलं. कपाटं वर्षभरात गंजली, पण नियमानं गंजली. निवृत्त होऊन पांढुर्ण्याच्या घरी बसल्यावरही ही सवय गेली नाही. पत्नी उर्मिलाबाईंना नवा कुकर हवा होता, तेव्हा दर मागवून तुलना होईपर्यंत घरची डाळ शेजारणीच्या कुकरमध्ये शिजत राहिली.

अशा माणसाला मुलीनं मोबाइलवर गेम पाठवला.

प्रियंका इंदूरला नोकरी करत होती. ती फोन करायची, प्रभाकरराव उचलायचे आणि "बरी आहे ना? घे, आईशी बोल," असं म्हणून फोन स्वयंपाकघरात पोचता करायचे. मुलीवर त्यांचा जीव नव्हता असं नाही. चांगला होता. फक्त तो बोलून दाखवायचा असतो, हे त्यांच्या सेवानियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. लहानपणी ही पोरगी सायकलच्या दांड्यावर बसून त्यांच्याशी अखंड बडबड करायची. मोठी झाली आणि तिचं बोलणं आईच्या खात्यात वर्ग झालं.

गेमचं नाव होतं 'चंद्रदुर्ग'. सोबत प्रियंकानं लिहिलं होतं, "बाबा, हा डाउनलोड करा. आमच्या गटात तुमच्यासाठी एक जागा धरून ठेवली आहे, पण रविवार दुपारपर्यंतच. याच्यात लिहून बोलता येते. इथं तुम्ही आईले फोन देऊ शकत नाही."

प्रभाकररावांनी मजकूर नीट वाचला. त्यात त्यांना एकच गोष्ट खटकली, ती म्हणजे एकाच नावावर खरेदी.

ताबडतोब समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः प्रभाकरराव. सदस्य दोन: नदीपलीकडच्या सावरगावचे कापसाचे व्यापारी मुकुंदराव आणि सौंसरला राहणारे जुने सहकारी हेमंतराव. फुकटच्या गेमला समिती कशाला, असं उर्मिलाबाईंनी विचारून पाहिलं. त्यावर, फुकटच्या वस्तूतच घोटाळे जास्त होतात, असा खुलासा त्यांना मिळाला.

मुकुंदरावांनी 'ड्रॅगन दरबार' सुचवला, हेमंतरावांनी 'बेडूक सरदार'. यात आपला काडीचाही स्वार्थ नाही, असं दोघांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. नवा माणूस आणला की आणणाऱ्याला गेममध्ये फुकट सोडती मिळतात, एवढी बारीक बाब सांगायची तेवढी राहून गेली.

तिन्ही गेम एकाच जातीचे होते. ते आपले आपणच खेळतात. योद्धे नेमायचे, फोन खिशात टाकायचा, ते लढत राहतात; मग सवडीनं उघडून कमाई गोळा करायची. नवे योद्धे सोडतीत निघतात, नशिबात असेल तो येतो. काम दुसऱ्यानं करायचं, श्रेय आपण घ्यायचं आणि बढती दैवावर सोडायची. प्रभाकररावांना परक्या ठिकाणी आल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

अडचण वेगळीच होती. नियम सांगतो, कमीत कमी दर त्याला काम. इथं तिघांचाही दर शून्य. मग त्यांनी उर्मिलाबाईंची भजनं फोनमधून पुसून जागा केली आणि तिन्ही गेमची चाचणी घेतली. 'चंद्रदुर्ग'मध्ये पहिल्याच सोडतीत एक दुर्मीळ धनुर्धारी निघाला, तेव्हा अध्यक्ष मनातून हरखले. गटात यायचं प्रियंकाचं आमंत्रण पडद्यावर सारखं लुकलुकत होतं. ते त्यांनी दाबलं नाही. निवडीआधी गटात जाणं म्हणजे उघड पक्षपात.

रविवारी सकाळच्या बसनं अध्यक्ष आणि मुकुंदराव सौंसरला गेले. हेमंतरावांच्या ओसरीत संत्री सोलत बैठक सुरू झाली. ड्रॅगन मोठा की बेडूक, यावरून दोघे सदस्य हमरीतुमरीवर आले. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीला निदान वर्षातला एक दिवस ठरलेला असतो. इथं तेवढीही शिस्त नव्हती. शेवटी प्रभाकरराव घसा खाकरून म्हणाले की, तसं पाहता तिन्हींत 'चंद्रदुर्ग'च उजवा आहे. भांडणारे दोघं लगेच एक झाले.

"प्रभाकरभाऊ, प्रस्ताव कोणाचा आहे हा?" हेमंतराव हळूच म्हणाले. "तुमच्या पोरीचा. उद्या कोणी बोट दाखवलं तर?"

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक साधी चौकशीही बसली नव्हती. निष्कलंक राहण्याची ही शेवटची संधी त्यांनी साधली आणि मुलीचा प्रस्ताव स्वतःच्या तोंडानं बाद केला. उरलेल्या दोघांत बेडूक जागा कमी खातो आणि जाहिराती कमी ओरडतात, म्हणून बेडूक निवडला गेला. हेमंतरावांना सोडती मिळाल्या आणि त्यांनी खुशीत आणखी संत्री आणवली.

घरी पोचल्यावर प्रभाकररावांनी स्वतः फोन लावला, हेच नवल. सगळी प्रक्रिया त्यांनी अभिमानानं सांगितली. प्रियंकानं मधे एकदाही तोडलं नाही.

"बाबा, मी त्या बेडकात नाही ना," ती शेवटी म्हणाली. "तुमची जागा दुसऱ्याले दिली. दुपारपर्यंत वाट पाहून राहिली होती मी."

"पण नातेवाइकाचा प्रस्ताव धरता येत नाही ना, बेटा."

"मले गेम खपवायचा नव्हता. तुमच्याशी बोलायचं होतं." तिचा आवाज ओला झाला. "मले बाप एकच आहे, बाबा. मी कुठून आणू तीन कोटेशन?"

प्रभाकररावांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. आणि लाज वाटल्यावर त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं.

"थांब, आईला देतो," म्हणत ते स्वयंपाकघरात गेले.

उर्मिलाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी समोर आलेल्या फोनकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि परात बाजूला सारली.

"तिचं माझ्याशी बोलून झालं आहे," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला अंगणात निघून गेल्या.

प्रभाकरराव फोन धरून तसेच उभे राहिले. 'जेवली का' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले.

"बोल," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो."



"मले इथं करमत नाही, बाबा."

प्रभाकरराव ओट्याला टेकून खाली बसले.

"इथंही नाही करमत," ते म्हणाले.