पायलीभर सोन्याची थाप

मी एक थापाड्या बोलतोय. म्हणजे गोष्टींचं पुस्तक. पण धंदा थापांचाच. माझ्या पोटात सात शिंगांचा राक्षस आहे. त्याला रोज न्याहारीला एक डोंगर लागतो. खोटं वाटतं? मुलुंडच्या भीमराजला कधीच वाटलं नाही.

सुंदर अक्षराचं बक्षीस म्हणून मी त्याला शाळेत मिळालो. माझ्या शेवटच्या गोष्टीत राक्षस विचारतो, "माझा आरसा कोणी फोडला?" लोहाराची पोर म्हणते, "मी." खरं बोलली म्हणून राक्षस तिला पायलीभर सोनं देतो. सोन्याचं ते शेवटचं पान भीमराजनं इतक्यांदा वाचलं, की कोपऱ्याला त्याच्या अंगठ्याचा डाग पडला.

मोठेपणी तो जवळच्याच कारखान्यात सुपरवायझर झाला. त्र्याऐंशी साली मशिनमध्ये कामगार अनंताची दोन बोटं गेली. काम भरभर व्हावं म्हणून मशिनची सुरक्षेची जाळी साहेबांनीच काढायला लावली होती. साहेब म्हणाले, "लिहून दे, जाळी अनंतानंच काढली." यानं खरं ते लिहिलं. अनंताला भरपाई मिळाली, याची नोकरी गेली.

"अहो, पायलीभर सोनं आलं का?" बायको, सुहासिनी, हसून विचारायची. पुढे हसणं राहिलं, मग विचारणंही.

घर चालवायला ती रद्दीच्या पिशव्या चिकटवू लागली. वाणी त्यात शेंगदाणे भरायचा. एकदा कागद कमी पडला. तिनं मला मागून उघडलं नि शेवटचं पान फाडलं. दुसऱ्याला हात घातला, तशी त्यांची सहा वर्षांची जयंती म्हणाली, "आई, थांब ना. माझी गोष्ट राहिलीय."

भीमराजनं मला मांडीवर घेऊन गोष्ट वाचली. "मी," लोहाराची पोर म्हणाली. पुढे नुसता शिवणीचा दोरा.

"मग राक्षसानं काय दिलं, बाबा?"

त्याला तर पाठ होतं. सुहासिनीचा खळीनं माखलेला हात थांबला. सांग रे, सोनं सांग, मी मनात म्हणत होतो. एवढी एक थाप मार.

"काही नाही दिलं."

"मग ती रडली?"

"थोडी."

"मग पुढच्या वेळी खोटं बोलली?"

भीमराजचा अंगठा शिवणीच्या दोऱ्यावरून फिरला.

"नाही बोलली," सुहासिनी म्हणाली. तिनं हात पुसले, मला उचललं आणि फळीवर ठेवलं.

तिथंच आहे अजून. मागच्या पुठ्ठ्यावर आतून जयंतीनं पेन्सिलीनं लिहिलंय, 'काही नाही दिलं. थोडी रडली. खोटं नाही बोलली.'

पोरांनो, माझा राक्षस, त्याचे डोंगर, सगळं खुशाल विसरा. एवढ्या तीन ओळी माझ्या नाहीत, त्या खऱ्या धरा. आणि भीमराज, सोन्याचं मी उगाच बोललो रे.