एका पायाची दोन गिऱ्हाइकं

गटारीच्या सकाळी कोपरखैरण्यात शिवरामच्या मटणाच्या दुकानापुढे लागते तशी रांग देवळापुढेही लागत नाही. कुणाला झोंबलं तर झोंबू दे. उद्यापासून श्रावण, म्हणून महिनाभराचं पाप आजच उरकून घ्यायला सगळा सेक्टर पिशव्या घेऊन उभा.

त्या रांगेत क्षिप्रा होती. आयुष्यात अंडंही न खाल्लेली, ऐरोलीच्या शुद्ध शाकाहारी सोसायटीतली. अंगात लॅबचा पांढरा कोट, हातात बर्फाचा डबा. पीएचडी करत होती आणि त्यासाठी तिला बकऱ्याच्या पायातली कंडरा हवी होती. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी पांढरी, चिवट दोरी. लोक तिला शीर म्हणतात. त्या शिरेत थोड्याशा स्टेम सेल असतात. शीर फाटली की ती पुन्हा विणायची खटपट याच पेशी करतात. क्षिप्रा त्या पेशी लॅबमधल्या काचेच्या बशीत वाढवणार आणि ताण देणाऱ्या यंत्रावर चढवणार. यंत्र पुढच्या आठवड्यात तिचं. तोवर पेशी तयार नसतील तर लॅबमधल्या प्रसादचं, असं तिच्या गाइडनी, दिनानाथ सरांनी, सांगून टाकलं होतं. आणि प्रसादकडे गेलेलं यंत्र परत येत नाही. प्रसाद सरांचा भाचा आहे, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बोलायची छाती कुणाची नव्हती.

पाय कुठेही मिळतात. पण केस काढायला खाटीक ते बर्नरवर भाजतात आणि मग आतल्या पेशींचा भरवसा उरत नाही. न भाजलेले पाय फक्त शिवराम द्यायचा. उद्या तोही महिनाभर गावी निघाला होता.

चार पाय उरले होते. क्षिप्राच्या पुढे रंगूबाई होती. नवरा हौसेराव, कांदा-बटाटा मार्केटमधला माथाडी.

"चारी दे," रंगूबाई म्हणाली.

"काकी, एक मला द्या ना," क्षिप्रा म्हणाली. "मला फक्त शीर हवीय. बाकीचा पाय तुम्ही घ्या."

"शीर काढल्याव राहिलं काय? माझ्या मालकाची टाचंवरची शीर तुटलीया. आपरेशन झालं, तीन महिनं खाटंवर हाय. शिरंला शीरच पायजे. रोज रस्सा पाजतीया मी."

"रश्श्यानं शीर जुळत नाही हो. उकळल्यावर त्यातल्या पेशी मरतात. उरतो तो चिकट पाक."

"आन तुझ्या डब्यातल्यानं जुळती?"

खोटं बोलून पाय पदरात पडला असता. पण ही पोरगी वेडी.

"अजून नाही. दहा वर्षं लागतील. कदाचित जास्त."

"म्हंजे तुझं बी फुकाट, माझं बी फुकाट. माझं निदान भातावर तरी वाढता येतंय!"

रांग हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, संशोधन नंतर करा, दारूचं दुकान उघडलं तिकडे!"

"कुणासाठी करतीस गं हे?" रंगूबाईनं विचारलं.

"खेळाडूंसाठी. त्यांच्या कंडरा..."

"खेळाडू! अन् पन्नास किलोचं पोतं पाठीवर घिऊन आयुष्यभर पळला त्यो काय गोट्या खेळत हुता? हमालाला शीर नसती व्हय?"

 क्षिप्राच्या प्रबंधात हमाल हा शब्द कुठेच नव्हता. मोठमोठ्या प्रबंधांत नसतो.

शिवरामला मात्र रांग दिसत होती. त्यानं बर्नर पेटवला आणि यांची वादावादी चालू असताना तीन पाय भाजूनसुद्धा टाकले. चौथा उचलला तशी क्षिप्रा किंचाळली. रंगूबाईनं झडप घालून तो पाय काढून घेतला आणि छातीशी धरला.

"ताई, टेन्शन नका देऊ," शिवराम म्हणाला. "काय ते ठरवा."

क्षिप्रा रडवेली झाली. "काकी, ते चालतात का थोडं तरी? डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल ना?"

"सांगितला की. आपरेशनवाल्यानं बी, त्या फिजोवाल्या बाईनं बी. पन ह्ये म्हनत्यात दुखतंय. मग मीच म्हनलं, पाय खाली टेकू नगा."

"अहो, तिथंच तर घोळ आहे! मी बशीत रोज बघते. या पेशींना बेतानं ताण दिला तर शीर होते. फार ताणलं तर हाड व्हायला लागतं. आणि नुसतं पडू दिलं तर शीर व्हायचं विसरतात, चरबीसुद्धा होतात."

रंगूबाईचे डोळे बारीक झाले. "चरबी?"

"बशीत तरी होते."

"बशी कशाला, पोट बघ त्यांचं!" तिनं पाय क्षिप्रापुढे नाचवला. "ह्यो तुला देते. पन ह्ये सगळं त्यास्नी सांग. माझं ऐकत न्हाईत. फोन लाव, त्यो तोंड दिसनारा."

"मी डॉक्टर नाही हो काकी!"

"कोट पांढरा हाय. बास झालं."

रंगूबाईनं सांगितलेला नंबर क्षिप्रानं आपल्या फोनवरून लावला आणि रंगूबाईनं फोन हातात धरला. पडद्यावर हौसेराव आडवा, छातीवर खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी. क्षिप्रा घसा खाकरून म्हणाली, "काका, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या फिजिओ मॅडमनी सांगितलंय तेवढं करा. उठा."

"दुखतंय ओ मॅडम."

"थोडं दुखणार. फार दुखलं तर थांबायचं आणि त्यांना विचारायचं."

हौसेरावनं पत्नीकडे बघितलं, मग तिच्यामागे जमलेल्या अख्ख्या रांगेकडे. मार्केटमधले दोघं-तिघं ओळखीचे निघाले.

"हौश्या, ऊठ की लेका! मेलास का?"

तो उठला. खाटेचा कठडा धरून टाच उचलली. वाटी घरंगळली, शेंगदाणे फरशीभर. रांगेनं आरोळी ठोकली. शिवरामनंही सुरा थांबवला.

"खाली घ्या. हळू," क्षिप्रा म्हणाली. "आता परत."

चार वेळा झाल्यावर रंगूबाईनं पाय स्वतःच्या हातानं बर्फात ठेवला आणि झाकण दाबलं.

"जा. आन त्या पुस्तकात हमाल घाल."

"घालते," क्षिप्रा म्हणाली आणि रिक्षाच्या मागे धावली.

क्षिप्राचा फोन रंगूबाईच्या हातातच राहिला होता. ती तो नाचवत तिच्या मागे धावली. पडद्यावर हौसेराव अजून टाच उचलत होता. थांबायचं कुणी सांगितलंच नव्हतं.