थोरल्या पिंजऱ्यातली मावशी

प्राणिसंग्रहालयातल्या थोरल्या पिंजऱ्यातली माकडं एकामागून एक आजारी पडायला लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंना पहिला संशय आला तो आपल्या सख्ख्या नणंदेचा.

माकडांचं खाणं जिथे निवडलं-चिरलं जायचं, ती खोली नणंदेच्या ताब्यात होती. नवरा गेल्यावर ती भावाच्या घरी राहायला आली होती. दिवसभर घरात बसून माणूस खचतं, म्हणून बाईंनीच प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर घालून तिला हे काम मिळवून दिलं होतं. नणंद वयानं मोठी, त्यामुळे बाई तिला 'वन्सं' म्हणत. कामावरही तोंडात तेच येई, आणि बाकीची मंडळी गालातल्या गालात हसत.

आजाराला धड नाव नव्हतं. आधी जुलाब, मग वजन उतरायचं, मग हिरड्या पांढऱ्याफटक. एका तरण्याबांड नराच्या शेपटीला नुसतं खरचटलं होतं. ती जखम भरायची सोडून चिघळतच गेली. एका मादीच्या तोंडात फोड आले, ती गाजराकडे नुसती बघत बसे. औषध दिलं की जरा उतार पडे, की पुन्हा तेच. शेवटी तो शेपटीवाला नर न्यूमोनियानं गेला. बाईंनी त्याला उघडून पाहिलं. ज्या जंतूनं त्याला मारलं होतं, तो धडधाकट माकडाच्या नाकात गुमान पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एवढ्याशा जंतूपुढे एवढ्या दांडग्या नरानं हात टेकावेत?

"कुठेतरी पाणी मुरतंय," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "खाण्यातच खोट असणार. चांगली फळं जातात कुठे?"

"म्हणजे? माझी बहीण केळी चोरते असं म्हणायचंय तुला?" नवऱ्यानं हातातला कप ठेवला.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"घ्यायला पाहिजे असंच नाही."

त्या दिवसापासून बाईंची नजर बदलली. आणि नजर बदलली की सगळंच वेगळं दिसायला लागतं. वन्सं हल्ली रबरी हातमोजे काढतच नव्हत्या, चहा पितानासुद्धा नाही. बाई खोलीत शिरल्या की त्यांची पाठ वळायची. घरीही त्या सगळ्यांचं झाल्यावर एकट्याच जेवायच्या, अंगावर ओढलेल्या शालीत एक हात झाकून. कापडी पिशवी मात्र सतत खांद्याला.

एका दुपारी वन्सं टोपल्या धुवायला बाहेर गेल्या आणि पिशवी खुंटीवर राहिली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला. केळी नव्हती. कापूस होता, पट्टी होती आणि प्राण्यांच्या दवाखान्याच्या कपाटातली मलमाची ट्यूब होती. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे फळांवर नाही, औषधांवर हात!

"काय शोधतेस गं, वहिनी?"

वन्सं दारात उभ्या होत्या. ओल्या टोपलीतून पाणी ठिबकत होतं.

"काही नाही. सुरी कुठे दिसेना."

"सुरी पिशवीत असते का?"

बाई बाहेर पडल्या त्या तडक पिंजऱ्यांच्या वाटेला लागल्या. कान तापले होते. वाटेच्या एका बाजूला थोरला पिंजरा, दुसऱ्या बाजूला धाकटा. धाकट्या पिंजऱ्यातली माकडं दोराला लोंबकळून एकमेकांच्या हातातली सफरचंदं पळवत होती. अंगावर तुकतुकी, पोटं टम्म. बाई चालता चालता थबकल्या. यांचं खाणं त्याच खोलीतून येतं, त्याच टोपल्यांतून. फळं सडकी असती, कमी असती, तर हीसुद्धा झुरली असती. इतके दिवस ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर होती आणि आपण मात्र घरच्या माणसाच्या पिशव्या उचकत बसलो! बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पण संशय काही गेला नाही. त्यानं फक्त घर बदललं.

मग थोरल्या पिंजऱ्यात असं काय आहे, जे धाकट्यात नाही? बाई एक बादली उपडी घालून जाळीसमोर बसल्या. सगळ्यांत आधी नजरेत भरली ती मावशी. गेल्या वर्षी दुसऱ्या प्राणिसंग्रहालयातून आलेली ही मादी सगळ्यांची लाडकी होती, म्हणून नोकरांनीच तिला हे नाव दिलेलं. दाट केस, स्वच्छ डोळे. पिंजऱ्यात काही बिघडलेलं नाही हे साहेबांना पटवताना बाई हिच्याकडेच बोट दाखवत. आत्ताही ती फोड आलेल्या मादीला मांडीशी घेऊन तिच्या केसांतून बोटं फिरवत होती. मग तिनं तिच्या दंडावरची जखम चाटली. पलीकडून एक पिल्लू आलं, त्याला तिनं तोंडातला चावलेला घास काढून दिला.

जो आजारी पडतो, तो मावशीजवळ जाऊन बसतो, असं बाई आजवर समजत होत्या. आता पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की हे उलटं तर नसेल?

त्यांनी तपासणी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. "पण मावशी आली तेव्हा तिचं रक्त तपासलं होतं गं. स्वच्छ होतं."

"काय तपासलं होतंस? प्रतिपिंडंच ना?" मैत्रीण म्हणाली. "शरीरानं शत्रूला ओळखलं तर प्रतिपिंडं तयार होणार. काही माकडांचं शरीर त्याला ओळखतच नाही. तो घरच्यासारखा राहतो. माग काढायचा तर थेट विषाणूचा काढ. रक्त पाठव आणि लाळही पाठव."

निकाल आला आणि बाईंनी तो दोनदा वाचला. रेट्रोव्हायरस. पेशीत शिरून तिच्या जनुकांतच आपला मजकूर लिहून ठेवणारा विषाणू. माकडाच्या पांढऱ्या पेशी तो निकामी करतो, मग राखणदार नसलेल्या घरात कुणीही शिरावं तसे साधेसुधे जंतू शिरतात. बहुतेक आजारी माकडांच्या रक्तात तो होता, आणि मावशीच्या लाळेत तर नुसता बुजबुजलेला. तिला मात्र त्यानं बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

बाईंनी सगळ्या नोकरांना बोलावलं. "खरं सांगा, थोरल्या पिंजऱ्यातलं माकड कुणाला चावलंय? ओरबाडलंय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. वन्संनीही. पण त्यांचा हातमोजा घातलेला उजवा हात हळूच पाठीमागे गेला.

बाईंनी बाकी सगळ्यांना पाठवून दिलं आणि दार लोटलं. "वन्सं, मोजा काढा."

अंगठ्याच्या बुंध्याशी दातांच्या खुणा होत्या. कडा लाल, सुजलेल्या.

"मावशी?"

"केळ्यात जंताची गोळी घालून देत होते. हात लवकर काढला नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला?" वन्सं हसल्या, पण डोळे भरले. "तू चोरावर ठेवावी तशी नजर ठेवून होतीस माझ्यावर. वर हा हात दाखवला असता, तर म्हणाली असतीस, एवढंही जमत नाही, घरी बसा. पुन्हा त्या चार भिंतींत बसायचं नव्हतं मला. आणि ते मलम मी कंपाउंडरकडून मागून घेतलंय. विचार जाऊन."

बाईंनी विचारलं नाही. वन्संचा हात नळाखाली धरला, साबणानं घासून घासून धुतला, आणि तशाच त्यांना घेऊन माणसांच्या दवाखान्यात गेल्या. बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "या विषाणूनं माणूस आजारी पडल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. पण माकडाच्या तोंडात आणखीही वाईट काही असू शकतं. माझं चुकलं, वन्सं."

वन्संनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, ते बाईंना कळलं नाही.

वन्संचं रक्त स्वच्छ निघालं. बाईंनी ते पुन्हा तपासायला लावलं, त्यानंतर आणखी एकदा. "स्वच्छ आलं तरी तुझा विश्वास बसत नाहीच," वन्सं म्हणाल्या. पण दर वेळी बाही वर करून मुकाट्यानं बसल्या. हात बरा झाला. घरात पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला मात्र त्यांनी बराच काळ लावला.

थोरल्या पिंजऱ्यातली काही माकडं वाचली नाहीत. काहींच्या शरीरानं उशिरा का होईना शत्रू ओळखला आणि त्याला पार हुसकून लावलं. ती पुन्हा दोरावर चढली, जखमा भरल्या. मावशीला मारून टाकावं असं साहेबांचं मत पडलं. बाईंनी ऐकलं नाही. इमारतीच्या मागे एक वेगळी खोली करून घेतली. तिथे तोच विषाणू अंगात असलेला थोरल्या पिंजऱ्यातला एक म्हातारा नरही ठेवला. मावशीनं पहिल्याच दिवशी त्याला मांडीवर घेतलं.

बरी झालेली पिल्लं सकाळी मागच्या इमारतीकडे तोंड करून हाका मारत. भिंतीपलीकडून मावशीही साद देई. बाई तेवढा वेळ जाळीशी उभ्या राहत आणि यांच्यात आणखी एखादी मावशी तर नाही ना, अशा शंकेनं हाका मारणाऱ्या एकेका पिल्लाचं तोंड निरखून बघत.