पोलाद गार हवं

मित्रांनो, सरपणाच्या ढिगावर उलटी पडलेली ही जुनी घसरगाडी म्हणजे मीच. आमच्या खेळाला ल्यूज म्हणतात. सिगुल्दा गावच्या इल्गोनिस सुताराने मला लाकडातून घडवलं आणि खाली पोलादाच्या दोन पात्या बसवल्या. मला ना ब्रेक, ना सुकाणू. खेळाडू माझ्यावर उताणी झोपते, पाय पुढे करून, आणि बर्फाच्या घळीतून आम्ही सुसाट खाली येतो. तिने पोटरीने जरा दाबलं की मी वळते. हारजीत सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठरते.

माझी खेळाडू म्हणजे इल्गोनिसची मुलगी व्हिनेटा. सहा हिवाळे आम्ही एकत्र घसरलो. माझ्या पात्यांना इल्गोनिस दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. लोक आपल्याही पात्या त्याच्याकडे घासायला आणायचे आणि म्हणायचे, "इल्गोनिसचं पोलाद म्हणजे आरसाच!" काय अभिमान वाटायचा मला!

तापलेलं पोलाद बर्फावर जास्त पळतं. म्हणून निघण्याआधी पात्यांचं तापमान मोजतात आणि त्या गरम निघाल्या की खेळाडू बाद. म्हणूनच मी कायम थंडगार पडवीत असायची.

त्या सकाळी मात्र इल्गोनिसची बोटं गारठून वाकेनात. देशाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती त्या दिवशीच्या शर्यतीवर ठरणार होती. शेवटचा हात फिरवायला त्याने मला स्वयंपाकघरात, शेगडीजवळ घेतलं. मग मला गार व्हायला ठेवावं म्हणून तो मागच्या अंगणातला बर्फ उकरायला गेला. तेवढ्यात शेजारच्या मोड्रिसने गाडीचा भोंगा वाजवला.

"अगं व्हिनेटा, आटप! रस्ता बर्फाने भरलाय!"

"आले, आले! भोंगा काय वाजवतोस, अख्खं गाव उठवशील!" काळ्या पावाचा तुकडा तोंडात धरूनच तिने मला घोंगडीत गुंडाळलं, पात्यांना ओरखडा नको म्हणून.

मागून इल्गोनिस ओरडत धावला, "थांब पोरी! तापलीय ती!" गाडी वळणापलीकडे गेली होती. तेव्हा खिशात फोन नव्हते. घोंगडीत ऊब तशीच राहिली. मला सगळं कळत होतं, पण तोंड कुठे होतं मला?

वर, शर्यत सुटते तिथे, पंचांनी पात्यांना तापमापक लावलं आणि मान हलवली. "बाद."

"शक्यच नाही! माझ्या बाबांनी घासलंय हे पोलाद!" व्हिनेटा रडत भांडत होती. तेवढ्यात इल्गोनिस धापा टाकत चढावर आला. म्हणाला, "चूक माझी आहे."

"चूक कसली, लबाडी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तोच शब्द गावाने धरून ठेवला.

व्हिनेटा एवढंच बोलली, "मला सांगायचं तरी होतं, बाबा." ती रिगा शहरात गेली, बेकरीत कामाला लागली. पुन्हा बर्फावर आली नाही. इल्गोनिसकडे पात्या घेऊन कुणी फिरकलं नाही. तो माझ्याशेजारी बसून एकटाच पुटपुटायचा, "ठेवणारच होतो गं बर्फात, ठेवणारच होतो."

मागच्या आठवड्यात तो गेला. मातीला व्हिनेटा आली होती. मोड्रिसने विचारलं, "हिचं काय करू?"

"जाळून टाक."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. माझी काळजी फार घेतली गेली. तुम्ही कुणासाठी जिवापाड काही कराल, तेव्हा त्याला ते सांगा. त्या दोघांनाही तोंड होतं.