कपाळावरची चार मिनिटं

मी या शहराचं जुनं रेल्वे स्टेशन बोलतोय. दचकू नका. आजवर माझ्या भोंग्यातून तुमच्याशी दुसरेच बोलत आले. आज गाडीला अवकाश आहे, तोवर माझं ऐका.

माझा जन्म नदीकाठच्या ओसाड माळावर झाला. दगडी भिंती, लोखंडी खांब, वर काचेचं छप्पर आणि कपाळावर गाडीच्या चाकाएवढं घड्याळ. तेव्हा लोक नाकं मुरडायचे, ‘एवढ्या लांब कोण मरायला जाणार?’ आता सगळं शहर माझ्याभोवती येऊन बसलंय आणि म्हणतंय, ‘हे स्टेशन नेमकं मध्ये येतं हो!’ घ्या आता.

मी काय काय केलं म्हणून सांगू? थकलेल्यांना बाकं दिली, तहानलेल्यांना नळ दिला. विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात छत्र्या, चपला, अगदी दातांची कवळीसुद्धा जपली. ती कवळी न्यायला अजून कोणी आलेलं नाही. चौकशीच्या खिडकीवर हाताएवढ्या अक्षरांत ‘फलाट दोन डावीकडे’ लिहिलंय. लोक ते मोठ्यानं वाचतात आणि मग आत डोकं घालून विचारतात, “दोन नंबर कुठं हो?” एवढ्यावर समाधान होत नाही, म्हणून जाताजाता हमालालाही विचारतात. विचारू देत, मला त्याचा राग नाही.

आता माझी एक खोडी सांगतो. माझं कपाळावरचं घड्याळ चार मिनिटं पुढं असतं. माझ्या पहिल्या स्टेशनमास्तरांनी ते मुद्दाम पुढं केलं, कारण हे शहर मुलखाचं आळशी. गाड्या सुटायच्या त्या मास्तरांच्या खोलीतल्या बरोबर घड्याळावर. बाहेरचं होतं फक्त लोकांना पळवायला. वर्षभर लोक पळाले. मग गुपित फुटलं आणि जो तो मनातल्या मनात चार मिनिटं वजा करायला शिकला. इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी ही वजाबाकी येते.

या घड्याळाला चावी देते ती चावीताई. आधी तिचे वडील द्यायचे. दर सोमवारी ती तेलाची बुधली घेऊन बहात्तर पायऱ्या चढते आणि चढताना माझ्याशी बोलते. “गुडघे माझे दुखतात आणि कुरकुर तुझ्या पायऱ्या करतात,” म्हणते.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. माणूस सरळ, पण शिस्त म्हणजे शिस्त. पहिल्याच दिवशी त्यांनी मनगटावर पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि चावीताईला बोलावलं.

“ताई, हे घड्याळ आजच्या आज बरोबर करा. पुढच्या महिन्यात ते उतरवून विजेचं बसवू. तुमची बदली पार्सल ऑफिसात होईल.”

“साहेब, उतरवायचं तेव्हा उतरवा. पण वेळ बदलायची तर आधी पाटी लावा. गोंधळ होईल.”

“बरोबर वेळेला पाटी कशाला लागते?”

जुन्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नसतात. म्हणून चावीताई वर गेली, लंबक हातात धरला आणि चार मिनिटं तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं घड्याळ जाणार आणि तीही जाणार, हे मला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळची आठ दहाची गाडी नेमक्या वेळेला सुटली. डबे जवळजवळ रिकामे! आणि आठ अकराला सगळं शहर रमतगमत आत शिरलं. कोणी पेपर चाळतंय, कोणी उरलेला चहा संपवतंय. फलाटावर गाडी नाही म्हटल्यावर जो काही गलका झाला! लोकांची अख्ख्या जन्माची वजाबाकी चुकली होती.

त्या गर्दीत संत्र्यांची पिशवी घेतलेल्या एक आजी होत्या. लेकीला मुलगी झालेली, तिला बघायला निघालेल्या. त्यांनी तडक साहेबांचं दार ढकललं.

“काय रे, गाडी चार मिनिटं आधी सोडलीस?”

साहेब ताडकन उभे राहिले. “आई! गाडी वेळेवर गेली. मी घड्याळ बरोबर केलंय.”

“आणि घरी सांगायचं नाही? मी इथं वाढले, बाळा. ते चार मिनिटं पुढं असतं, हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे!”

पुढची गाडी दोन तासांनी होती. मायलेक फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसले. आजींनी संत्रं सोललं आणि निम्मं त्यांच्या हातावर ठेवलं.

“तुझे बाबा याच बाकावर तोंड पाडून बसले होते. परगावचे. बाहेरचं घड्याळ पाहिलं आणि समजले, आपली गाडी गेली, समोरची दुसरीच. मी म्हटलं, अहो, ती काय उभी आहे समोर, पळा! आणि अशी हसले की त्यांना पळवेना. गाडी मिळाली त्यांना. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. इथं काम काहीच नव्हतं.”

अगदी खरं, मी साक्षीदार होतो! त्या मुलीचं हसू माझ्या काचेच्या छपराखाली घुमलं होतं. ते मी कसं विसरेन?

आईची गाडी हलली आणि साहेब स्वतः बहात्तर पायऱ्या चढून आले. चावीताई घड्याळ पुसत होती.

“ताई,” धापा टाकत ते म्हणाले, “ते विजेचं आतल्या फलाटावर लावू. हे इथंच राहील, आणि तुम्हीही.”

“आणि वेळ, साहेब?”

“होती तिथं न्या.”

मागं यायला चार मिनिटं लागली होती. पुढं जायला एक बोट पुरलं.

आता माझे दगड झिजलेत, छपराच्या दोन काचा गळतात, पण कपाळ ताठ आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्याकडे याल तेव्हा ती चार मिनिटं वजा करू नका, हाताशी ठेवून या. बाकावर कोणी तोंड पाडून बसलेलं दिसलं, तर सांगा त्याला, गाडी अजून उभी आहे.