आर्नेचं नाव असलेली कांडी

पर्ल माजावर आली तसा मावशीनं फोन करून मला बोलावून घेतलं. विस्कॉन्सिनच्या त्या उतारावरच्या गोठ्यात ही एकच गाय उरली होती. मावशीचा एकुलता एक लेक आर्ने चारा साठवायच्या सायलोतल्या विषारी वायूनं गेला, आणि बाकीची जनावरं विकावी लागली. त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला ज्युबिली नावाचा वळूही पुढं मेला. पण ज्युबिलीचं वीर्य बारीक कांड्यांत गोठवून अतिथंड द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवलेलं होतं. त्या वळूचं एक वासरू गोठ्यात उभं राहावं, एवढंच मावशीनं देवाकडं मागितलं होतं. त्यासाठी पर्ल वयात यायची ती वाट बघत होती.

असल्या कांड्यांतलं बीज घालून गाई भरवणं हा माझा धंदा. टाकीतला नायट्रोजनही मीच भरत आलो.

"आधी कॉफी घे, निल्स. बटाट्याची लेफ्से पोळी गरम आहे."

"गाय थांबेल मावशी, तिचा माज थांबायचा नाही."

"आणि तुझं पोट थांबतं होय? खा मुकाट्यानं!"

गोठ्यात आलो. मी हातमोजे चढवतोय तोवर तिनं टाकीचं झाकण काढलं, चिमट्यानं एक कांडी उचलली आणि चष्मा सावरून उजेडात धरली.

"मावशी! आत घाल ती, आत!"

"ओरडतोस काय? दर रविवारी काढते मी. चर्चहून आले की."

"दर रविवारी?"

"हे बघ ना, काय छापलंय. 'आर्नेचा ज्युबिली'. माझ्या लेकाचं नाव छापलेलं आणखी कुठं आहे रे? कबरीच्या दगडावर आहे, तिथं बघवत नाही."

आमचे पास्टर प्रवचन सांगता सांगता मधेच गायला लागतात, आणि बाकांवरची म्हातारी माणसं डोळे मिटून डोलतात. त्यांचं त्या रविवारचं कडवं मावशी घरी येऊन त्या कांडीला म्हणून दाखवायची. सगळं कडवं. सावकाश. दर वेळी तीच कांडी नको, इतरांना वाईट वाटेल, म्हणून आळीपाळीनं.

कांडी टाकीच्या तोंडाबाहेर क्षणभरच काढायची असते. कडवंभर नाही.

तरी देवाचं नाव घेऊन मी एक कांडी कोमट पाण्यात वितळवली आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जिवंत बीज असलं की तिथं जत्रा भरल्यासारखी दिसते. इथं सगळं निजलेलं. दुसरी कांडी घेतली, मग तिसरी. शेवटी एकच उरली तेव्हा माझा हात टाकीपाशी जाईना.

"काय रे? हलतंय ना?"

"टाकी जुनी झाली मावशी. गळली असणार."

तिनं टाकीच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट माझ्यापुढं धरलं.

"टाकी गेली की इथं बर्फ धरतो. आर्नेनंच शिकवलंय मला. कुठाय बर्फ? तुला खोटं कधी जमलंय का रे, निल्स?"

पर्ल मागं वळून आम्हा दोघांकडं बघत होती.

"मी बाहेर काढायचे म्हणून?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? वासरासाठी जपून ठेवलेलं तिच्याच मायेच्या उबेनं गेलं होतं, आणि ती माया देवानंच तिला दिली होती. याचा हिशेब मला आजही लागलेला नाही. त्याच्या पायाशी ठेवून दिलाय.

ती दुधाच्या पालथ्या बादलीवर बसली. रडली नाही. टाकीकडं बघून म्हणाली, "या शेवटच्या कांडीतही काही नसेल ना?"

"नाही मावशी."

"मग आता बाहेर काढून बघितली तर चालेल?"

मी कांडी काढली, धुकं विरेपर्यंत थांबलो आणि तिच्या तळहातावर ठेवली. तिनं चष्मा पुसून नाव वाचलं. मग या रविवारचं कडवं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज गेला, म्हणून पुढचं मी म्हटलं.